तक्त्याखालची ओळ

दगडाच्या रासायनिक पृथक्करणाचा तक्ता छापतात तेव्हा त्याच्या तळाशी बारीक टायपात एक ओळ असते. विश्लेषक, आणि पुढे नाव. वर सिलिका इतकी, ॲल्युमिना इतकं, लोह इतकं, बेरीज शंभराच्या आसपास, आणि खाली हे नाव. वाचणारे ती ओळ वाचत नाहीत. मी पस्तीस वर्षं कॉलेजात भूशास्त्र शिकवलं, मीही सुरुवातीला वाचत नव्हतो. सूर्याजी नलावडे मात्र कुठलंही छापील पुस्तक हातात आलं की आधी तीच ओळ शोधायचे.

त्यांच्या नावाची अशी एकही ओळ तेव्हा कुठे छापलेली नव्हती. आकडे मात्र त्यांचे होते.

नलावड्यांचं घराणं शिलेदारांचं. पणजोबा फौजेबरोबर दख्खनेतून ग्वाल्हेरला आले, वडील संस्थानच्या रिसाल्यात. सूर्याजीही घोड्यावरच बसायचे, पण बाराव्या वर्षी घोड्याची लाथ गुडघ्यावर बसली आणि उजवा पाय कायमचा आखडला. लंगड्या पोराचं करायचं काय, म्हणून वडिलांनी ओळखीपाळखीने त्यांना ग्वाल्हेरजवळच्या मोरारच्या एका जुन्या बराकीत चिकटवलं. तिथे संस्थानच्या भूगर्भ खात्याची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. काम काय, तर आलेले दगड लोखंडी खलबत्त्यात फोडायचे आणि मग अकीकाच्या खलात मैद्यासारखे घोटायचे. शिक्षण सातवीपर्यंत. तिथे तेव्हा एक रसायनज्ञ होते. सूर्याजींनी दगड घोटता घोटता त्यांचे हात पाहून घेतले. आठ वर्षांनी रसायनज्ञ नोकरी सोडून गेले, त्यांच्या जागी दुसरा आलाच नाही, आणि एक दिवस वरच्या साहेबांनी विचारलं, "नलावडे, जमेल का?" जमलं. त्यानंतरची बावीस वर्षं त्या खात्याने जेवढे म्हणून आकडे दिले तेवढे सूर्याजींनी काढलेले. खाली सही साहेबांची. कागदोपत्री सूर्याजी अटेंडंट.

त्यांची एक रीत मोरारमध्ये चेष्टेचा विषय होती. दसऱ्याला शिलेदारांच्या घरी तलवारी, भाले पुजतात. सूर्याजींच्या घरी वडिलांची तलवार होतीच, पण ती पुजून झाली की ते चालत बराकीत यायचे आणि प्रयोगशाळेतल्या तराजूला हळदकुंकू वाहायचे. काचेच्या पेटीत ठेवलेला तो नाजूक तराजू, शेजारी अंगठ्याएवढी प्लॅटिनमची मूस, आणि पुढे झेंडूची दोन फुलं. कुंकू पेटीवर लावायचे, तराजूला नाही. वजन बदललं असतं.

अठ्ठेचाळीस साली संस्थान गेलं आणि मध्यभारत आला. रिसाला मोडला, बराकीवरची पाटी बदलली. छप्पन साली मध्यभारतही जाणार आणि एक नोव्हेंबरपासून नवा मध्यप्रदेश होणार, हे ठरलं. चार ठिकाणची खाती एका खात्यात कोंबायची, म्हणजे कोणाची खुर्ची कोणाच्या खुर्चीएवढी हे मोजायला समित्या बसल्या. आमच्या खात्याच्या समितीत तीन जण होते. अध्यक्ष दौलतसिंह, एक हिशेबनीस, आणि तिसरा तज्ज्ञ म्हणून मी, गोविंद फडणीस. घराणं दरबारी कारकुनांचं, ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या गल्लीतलं, एम. एस्सी.चा कागद नवा कोरा, वय सत्तावीस. माझी स्वतःची खुर्चीही त्याच यादीत लटकलेली होती, पण मिजास अशी की जणू मीच याद्या करतो आहे. उंटावरचा शहाणा म्हणतात तो मी.

सूर्याजींच्या अर्जात एकच मागणी होती. बावीस वर्षं विश्लेषकाचं काम केलं, विश्लेषक हा हुद्दा मिळावा.

दौलतसिंहांनी अर्ज वाचला. "सातवी पास?" ते म्हणाले. "फडणीसजी, इनकी परीक्षा ले लीजिए."

परीक्षा अशी ठरली. एक अनोळखी दगड द्यायचा. दहा दिवसांत पूर्ण पृथक्करण. खरे आकडे आधीच पाकिटात सील करून समितीकडे. कुठल्याही एका ओळीत अर्ध्या टक्क्याहून जास्त फरक पडला की नापास. पास झाले तर विश्लेषक, आणि काम इथेच मोरारला. नापास झाले तर अटेंडंट म्हणून दूरच्या शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत बदली, थाटीपुरचं सरकारी क्वार्टर खाली करायचं, आणि बावीस वर्षांच्या वह्या रद्दीत. ज्याचा हात भरवशाचा नाही त्याच्या वह्या ठेवून काय करायच्या, असं हिशेबनीसांचं म्हणणं पडलं. मीही मान डोलावली.

दगड मी निवडला, आणि त्यातला आळस मी आज कबूल करतो. खरे आकडे हवेत तर ते आधी कोणीतरी काढलेले हवेत. संस्थानने अडतीस साली एक पुस्तिका छापली होती, तिच्यात शहराबाहेरच्या एका टेकडीवरच्या काळ्या दगडाचा तक्ता होता. खाली विश्लेषक म्हणून त्या वेळच्या बड्या साहेबांचं नाव. मी सायकलवर जाऊन त्याच टेकडीचा मूठभर दगड फोडून आणला, तक्ता पाकिटात उतरवला आणि लाखेने सील केला. पाच मिनिटांत काम खलास.

त्या काळ्या दगडावर माझा डोळाही होता. ग्वाल्हेरचा किल्ला ज्या वालुकाश्मावर उभा आहे तो सगळे बघतात, पण आसपास जुन्या गाळाच्या खडकांच्या थरांत घुसून बसलेला हा काळा, जड, ज्वालामुखीच्या जातीचा दगड कोणी बघत नाही. माझी अटकळ अशी होती की फार फार पूर्वी इथली जमीन दोन्हीकडून ताणली गेली, मधला पट्टा खचला, आणि त्या खचदरीच्या तळातून हा रस वर आला. कुठून आला? कवचातून नव्हे, त्याच्याही खालच्या प्रावरणातून. प्रावरण सगळं वितळत नाही, थोडंसंच वितळतं. चहाच्या पत्तीवर अर्धाच कप पाणी घातलं तर चहा कडक उतरतो, तसं थोडं वितळलं की काही मूलद्रव्यं त्या थोड्या रसात दाटून येतात. टायटॅनियम त्यातलं एक. म्हणून दगडात टायटॅनियम किती, यावरून तो किती खोलातून आणि कसा आला याचा अंदाज बांधता येतो. हे सगळं मला पुस्तकातून पाठ होतं. एका टक्क्याचाही आकडा मी स्वतः कधी काढलेला नव्हता.

ऑक्टोबरच्या तीन तारखेला परीक्षा सुरू झाली. मी रोज सकाळी पृथक्करणाचं एक इंग्रजी पुस्तक घेऊन बराकीत जाऊन खुर्चीवर बसायचो. बाहेर शिडी लावून एक रंगारी पाटीवर नव्या राज्याचं नाव लिहीत होता. आत सूर्याजी दगड घोटायचे. दगड हातात घेतला तेव्हा त्यांनी तो उजेडात फिरवून पाहिला, नखाने खरवडला, वास घेतला, आणि मग माझ्याकडे बघितलं. मग दगड खलबत्त्यात टाकला. ओळखला असावा, असं मला तेव्हा वाटलंसुद्धा नाही.

तीन दिवसांत सिलिका निघाली. मग अमोनिया घातला आणि बीकरमध्ये तांबूस, बुळबुळीत साका बसला. त्यात लोह आणि ॲल्युमिना एकत्र असतात. तो गाळायचा, भाजायचा, तोलायचा. मग त्यातलं लोह वेगळं मोजून वजा करायचं, आणि उरलं ते ॲल्युमिना. वजन घेताना ते श्वास रोखायचे. आखडलेला पाय स्टुलाखाली लांब करून, डोळा काट्याला लावून बसले की खोलीत मीसुद्धा गप्प व्हायचो.

पण सहाव्या दिवशी मला राहवलं नाही. गप्प बसायला हवं होतं तिथे मी कधी गप्प बसलो नाही, आणि बोलायला हवं होतं तिथे बोललो नाही. तर मी विचारलं, "नलावडे, टायटॅनियम कसं काढता तुम्ही?"

"नाही काढत, साहेब. कोणी मागितलंच नाही कधी."

"अहो, पण काळ्या दगडात ते असतंच! अडीच-तीन टक्केसुद्धा असू शकतं. बेरीज तर तुमची शंभर येते. मग ते जातं कुठे?"

त्यांच्या हातातली काचेची कांडी थांबली. "जातं कुठे," ते स्वतःशीच म्हणाले.

मी अक्कल पाजळून खूश झालो आणि चहा प्यायला बाहेर गेलो. परत आलो तेव्हा ते तसेच उभे होते, साक्याकडे बघत. मग म्हणाले, "साहेब, तुमचं ते पुस्तक एक दिन देता का? मी संभाळून ठेवीन." मी दिलं. इंग्रजी पुस्तक सातवी पास माणूस काय वाचणार, असं मनात म्हणत दिलं.

सातव्या दिवशी ते बारा वाजता आले. एरवी नऊला हजर असणारा माणूस. हातात दोन पुड्या होत्या. नई सडकेवरच्या औषधवाल्याकडून हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली, कान साफ करायला लोक नेतात तीच. आणि रंगवाल्याकडून छटाकभर पांढरा रंग, कोरडी भुकटी. "हे टायटॅनियम व्हाइट आहे, मोजायला माप म्हणून," ते म्हणाले. "बाहेर पाटीवर लावतात ना, तेच. रंगाऱ्यानेच दुकान सांगितलं."

पुस्तकातलं ते पान त्यांनी अक्षर अक्षर लावून, शेजारच्या मास्तरांना विचारून वहीत उतरवलं होतं. त्यांनी भाजलेल्या साक्याचा द्राव काढला, त्यात लोहाचा रंग मारायला फॉस्फोरिक ॲसिड टाकलं, द्राव पाण्यासारखा झाला. मग पेरॉक्साइडचे थेंब; टायटॅनियम असलं तर त्याने द्राव पिवळा होतो. एक, दोन, तीन.

बीकर पिवळा झाला. फिकट नव्हे, हळदीच्या पाण्यासारखा.

सूर्याजी खाली बसले. खुर्ची नव्हती, ते स्टुलाच्या कडेला टेकले आणि दोन्ही हातांनी गुडघा धरला. "बावीस वर्षं," ते म्हणाले. "साहेब, बावीस वर्षं मी ह्याला ॲल्युमिना म्हणून तोलतो आहे. बेरीज शंभर यायची म्हणून मी कधी बघितलंच नाही."

त्या क्षणी मला विजय वाटला, हे लिहायला लाज वाटते. प्रश्न माझा होता ना! मी सायकल हाणत घरी आलो, ती पुस्तिका काढली, खचदरीच्या माझ्या सिद्धांताला किती टायटॅनियम मिळतंय ते बघावं म्हणून. आणि तोंडचं पाणी पळालं.

पुस्तिकेतल्या तक्त्यात टायटॅनियमची ओळच नव्हती. ॲल्युमिना १६.९, बेरीज शंभर. मी तो तक्ता स्वतःच्या हाताने पाकिटात उतरवला होता आणि माझ्या डोळ्यांना काहीही खटकलं नव्हतं. सूर्याजींना जे आज दिसलं ते बड्या साहेबांना अडतीस साली दिसलेलं नव्हतं. पाकिटातला आकडा चुकीचा होता. सूर्याजी जेवढं खरं लिहितील तेवढे ते नापास होणार होते, आणि मी विचारलं नसतं तर सहज पास झाले असते.

आठव्या दिवशी मी बराकीत लवकर गेलो. ते पांढऱ्या रंगाचा मोजून केलेला द्राव एका नळीत आणि दगडाचा द्राव दुसऱ्या नळीत घेऊन, खिडकीच्या उजेडात रंगाशी रंग जुळवत होते. त्याच साक्यात लपलेलं थोडं फॉस्फरसही त्यांनी पुस्तकावरून वेगळं काढलं होतं.

"नलावडे, ऐका," मी म्हणालो. "हे सगळं छान आहे. पण परीक्षा आहे. तुमची नेहमीची रीत आहे ना, तीच ठेवा. तक्त्यात ॲल्युमिना एकच ओळ लिहा. नंतर मी स्वतः हे टायटॅनियमचं प्रकरण वर कळवतो."

त्यांनी नळ्या खाली ठेवल्या. "म्हणजे सोळा पूर्णांक नऊ लिहू?"

आकडा मी उच्चारलाही नव्हता.

"साहेब, हा दगड मी पहिल्याच दिवशी ओळखला. ह्या टेकडीचा तक्ता एकच छापला आहे, आणि तो मीच केला होता. नाव साहेबांचं आहे, पण हात माझा. पाकिटात काय आहे ते मला पता आहे."

"मग लिहून टाका ना!" मी जवळजवळ ओरडलो. "तुमचाच आकडा आहे, तुम्हीच लिहिताय. कोणाचं काय जातंय?"

"विश्लेषक म्हणून कागद मागतो आहे मी," ते म्हणाले. "अटेंडंट असतो तर लिहिलं असतं, खरं सांगतो. घरी क्वार्टरचं टेन्शन आहे, सुलोचना रोज देवाला हात जोडते. पण विश्लेषक व्हायला खोटा आकडा लिहू? बीकर पिवळा झाला, साहेब. आता तो परत सफेद नाही होत."

मग त्यांनीच मला समजावलं, "तुम्ही इतके घाबरू नका. तिथे समितीसमोर तुम्ही फक्त एवढं बोला की टायटॅनियमचं मी विचारलं होतं, आणि जुन्या तक्त्यात ते बघितलेलंच नव्हतं. तुम्ही शिकलेले आहात, तुमचं ऐकतील. बाकी मी बीकर घेऊन येतो, तिथेच करून दाखवतो."

"बोलतो," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की."

बारा तारखेला समिती बसली. लांब टेबल, त्यावर हिरवं कापड. सूर्याजी धुतलेला कोट घालून आले होते, हातात पाण्याची बाटली नेतात तशी पेरॉक्साइडची बाटली, खांद्याला बीकर ठेवलेली पिशवी. त्यांना बसायला कोणी सांगितलं नाही. दौलतसिंहांनी माझ्यासमोर पाकिटाचं सील तोडलं आणि दोन्ही कागद शेजारी ठेवले. हिशेबनीस बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागले. सिलिका, बरोबर. लोह, बरोबर. चुना, बरोबर. मॅग्नेशिया, बरोबर. प्रत्येक ओळीला सूर्याजींची नजर माझ्याकडे यायची आणि परत जायची. मग बोट थांबलं.

"ॲल्युमिना. लिफाफे में सोलह दशमलव नौ. इनका तेरह दशमलव नौ."

"तीन का फर्क," दौलतसिंह म्हणाले. "और यह नीचे टायटॅनियम, फॉस्फरस? यह तो लिफाफे में है ही नहीं."

"साहब, तोच फरक आहे," सूर्याजी पुढे झाले, आणि गडबडीत मराठीतच बोलत राहिले. "ते तीन टक्के ॲल्युमिना नव्हतेच. दोन पूर्णांक सात टायटॅनियम, शून्य पूर्णांक तीन फॉस्फरस. मी दाखवतो, बीकर आणला आहे." मग हिंदीत, "लिफाफे का आँकड़ा गलत है, साहब. वह मैंने ही निकाला था."

हिशेबनीस हसले. दौलतसिंह हसले नाहीत. ते दुष्ट नव्हते. त्यांच्यासमोर त्या दिवशी अजून चौदा माणसं होती. "यानी या तो आप तब गलत थे, या आज गलत हैं," ते शांतपणे म्हणाले. "दोनों सूरत में गलत आप ही हैं." आणि माझ्याकडे वळले. "फडणीसजी, आप विशेषज्ञ हैं. लिफाफा आपने बनाया. आँकड़ा सही है?"

पंखा फिरत होता, कागद उडू नयेत म्हणून हिशेबनीसांनी त्यावर हात ठेवला होता. मी 'नाही' म्हणालो तर परीक्षकानेच चुकीचा पेपर काढला असं होत होतं, आणि तेही परीक्षा चालू असताना उमेदवाराला सूचना देऊन. माझ्या नावाची फाइल त्याच ढिगात, हाताच्या अंतरावर होती. सूर्याजी माझ्याकडे बघत होते. घाबरून नव्हे. शाळेत आपल्या मुलाला कविता पाठ आहे हे माहीत असलेला बाप बघतो तसे बघत होते.

"छपा हुआ आँकड़ा है, सर," मी म्हणालो.

"और टायटॅनियम की बात? इनको किसी ने बताई?"

मी मूग गिळून बसलो. सूर्याजींनी माझं नाव घेतलं नाही. एक शब्द त्यांनी उच्चारला असता तर मी नाकारू शकलो नसतो, पुस्तक माझं होतं, त्यावर माझी सही होती, आणि ते त्यांच्या पिशवीत होतं. ते उघडून टेबलावर ठेवणं एवढंच करायचं होतं.

"नाही साहब," ते शेवटी म्हणाले. "मीच केलं."

त्यांच्या अर्जावर अनुत्तीर्ण असा शिक्का पडला. खाली तीन सह्या, तिसरी माझी.

दोन दिवसांनी दसरा आला. मला घरात बसवेना. मी मोरारला गेलो, बराकीला कुलूप असेल असं धरून गेलो. दार उघडं होतं. पाटीवर नव्या राज्याचं नाव पांढऱ्याशुभ्र रंगात वाळलं होतं. आत सूर्याजी तराजूच्या पेटीवर कुंकू लावत होते, झेंडू वाहिलेला होता, आणि शेजारी सुलोचनाबाई तबक घेऊन उभ्या होत्या. बाईंनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं. त्यांचं बरोबर होतं.

"या साहेब," सूर्याजी म्हणाले. त्यांनी माझं पुस्तक पिशवीतून काढून कपड्याने पुसून दिलं. मग शमीची चार पानं माझ्या हातावर ठेवली. "सोनं घ्या."

मी वाकून नमस्कार केला. आमच्या घरात फडणिसांनी शिलेदाराच्या पाया पडायची पद्धत नाही. त्यांनी मला खांद्याला धरून उठवलं, आणि एवढंच म्हणाले, "एकतीस तारखेपर्यंत चावी माझ्याकडे आहे. जुन्या काळ्या दगडांच्या भुकट्या बाटल्यांत ठेवलेल्या आहेत, अकरा आहेत. तेवढ्यांचं टायटॅनियम काढून टाकतो. वह्या रद्दीत जायच्या आधी आकडे तरी सही असू देत."

आणि त्यांनी काढलं. ज्यांना कोणी विचारणार नव्हतं असे अकरा आकडे, सतरा दिवसांत, प्रत्येक दोनदा. एकतीसला चावी दिली आणि दुसऱ्या आठवड्यात थाटीपुरचं क्वार्टर सोडून ती दोघं गाडीत बसली. मी स्टेशनवर गेलो नाही. धैर्य नव्हतं. वह्या मात्र मी रद्दीवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतल्या, बावीसच्या बावीस. पुढे वर्षभरात मी खातं सोडलं आणि कॉलेजात मास्तर झालो. खुर्ची मिळाली होती, पण तिच्यावर बसलं की ते हिरवं कापड दिसायचं.

ते अकरा आकडे मी सात वर्षं जवळ ठेवले. मांडून पाहिले तेव्हा काळ्या दगडाचे सरळ दोन गट पडले. एकात टायटॅनियम थोडं, एकात भरपूर. म्हणजे प्रावरण दोन वेळा वितळलं असावं, एकदा जास्त आणि एकदा अगदी थोडं, जमीन ताणली जात असताना. जुन्या रीतीने काढलेल्या आकड्यांत हे दिसणं शक्यच नव्हतं. सगळे दगड एकाच आईचे वाटत होते. मी लेख लिहिला. तक्त्याखाली लिहिलं, विश्लेषक: सूर्याजी नलावडे. आणि परवानगीसाठी त्यांना पत्र घातलं, सात वर्षांतलं पहिलं पत्र. त्यात मी माफी मागितली नाही. चार वेळा लिहिली आणि चार वेळा खोडली. ते तिकडे बाटल्या धुवायचं काम करत होते.

आठ दिवसांत पोस्टकार्ड आलं. अक्षर तक्त्यातल्या आकड्यांसारखं सुटं सुटं.

"श्री. फडणीससाहेबांस सप्रेम नमस्कार. नाव छापा, मला आनंद आहे. सुलोचनालाही झाला. एक विनंती. अडतीस सालचा तो चुकीचा तक्ताही शेजारी छापा, आणि त्याच्या खालीही माझंच नाव टाका. तेव्हा बड्या साहेबांचं नाव पडलं होतं. त्यांनी तर बीकरला हातही लावला नव्हता, उगाच त्यांच्या माथी माझी चूक कशाला. चूक ज्याची त्याच्या नावावर असावी. आपला, सूर्याजी नलावडे, विश्लेषक."

विश्लेषक हा शब्द त्यांनी स्वतःच लिहिला होता. मी दोन्ही तक्ते छापले, दोन्हींखाली त्यांचं नाव. संपादकांनी विचारलं, एकाच माणसाचे दोन वेगळे आकडे का. मी त्यांना खुलासा पाठवला, पण तो अर्धाच होता.

आता मी सिटी सेंटरमध्ये मुलाच्या फ्लॅटमध्ये राहतो. सूर्याजीराव आणि सुलोचनाबाई दोघंही नाहीत. ते पोस्टकार्ड माझ्याकडे आहे, आणि दर दसऱ्याला मी ते वाचतो, म्हणून आज हे लिहायला बसलो. त्या समितीचं इतिवृत्त कुठल्यातरी दप्तरात पडलेलं असेल. त्यात लिहिलं आहे की उमेदवाराने टायटॅनियमची गोष्ट स्वतःच्या मनाने घुसडली. ते खोटं आहे. त्यांना विचारलं होतं, विचारणारा त्याच टेबलाशी बसला होता, आणि त्याने तोंड उघडलं नाही. तो मी, गोविंद फडणीस.